मुलाला बोलतं करताना: काय विचारावं आणि कुठे थांबावं

तीन ते आठ वर्षांचं मूल शाळेतून, मैदानावरून किंवा लग्नघरातून परत येतं आणि काहीतरी बिनसलेलं असतं. डबा तसाच परत आलेला. आवडतं कार्टून लावलं तरी लक्ष नाही. "काय झालं?" विचारलं की "काही नाही". पुन्हा विचारलं की रडारड. तिसऱ्यांदा विचारलं की पळत जाऊन आजीच्या पदराआड. ज्या आई-बाबांवर, आजी-आजोबांवर किंवा बालवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंवर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कारण काहीही असू शकतं. कुत्रा अंगावर आला, जत्रेत हात सुटला, बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं, घरातल्या मोठ्यांचं भांडण कानावर पडलं, आजोबा गेले आणि नेमकं काय झालं ते कुणी नीट सांगितलंच नाही. किंवा कुणीतरी नको तिथे हात लावला. यातलं कुठलं, हे आपल्याला सुरुवातीला माहीत नसतं. म्हणून पद्धत एकच ठेवायची. किरकोळ गोष्टीसाठी ती वापरली तर काही बिघडत नाही. गंभीर गोष्टीत ती वापरली नाही तर मात्र पुढे निस्तरणं अवघड जातं.

लहान मूल सगळं एका दमात सांगत नाही. एखादा तुकडा टाकतं आणि तुमच्या तोंडाकडे बघतं. दुसरा तुकडा येणार की नाही, ते तिथे ठरतं. तो येईपर्यंत थांबायचं आणि मधली रिकामी जागा आपल्या शब्दांनी भरायची नाही, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं, पण घाबरलेल्या आईला किंवा बापाला ते फार जड जातं. म्हणून पायरीपायरीने.

पायरी 1: विचारण्याआधी नुसतं बघा

दोन-तीन दिवस डोळे उघडे ठेवा. पोटात दुखतं म्हणतं, पण रविवारी दुखत नाही? सुटलेली सवय परत आली का, म्हणजे अंथरूण ओलं होणं, अंगठा चोखणं, एकटं झोपायला नकार? ठरावीक माणूस, ठरावीक जिना, ठरावीक खोली टाळतं? भातुकलीत किंवा गाड्यांच्या खेळात तोच एक प्रसंग परत परत घडतो? वयाला न शोभणारं शरीराविषयीचं काही बोलतं किंवा करून दाखवतं?

यातल्या एकाही खुणेवरून निष्कर्ष काढू नका. नवीन भाऊ-बहीण आली, घर बदललं, दात दुखतो आहे, तरी मुलं अशीच वागतात. कुठल्या वेळी, कुठल्या जागी काय होतं एवढं टिपून ठेवा. पुढे बोलताना ते कामी येतं.

अंगावर जखम, सूज, वळ दिसत असेल, शू करताना जळजळ होत असेल, रक्त दिसत असेल, तर मात्र बघत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे.

पायरी 2: समोर बसवून घेऊ नका

"इकडे ये, बस, मला तुझ्याशी बोलायचंय." हे वाक्य ऐकलं की मुलाला एकच कळतं, आता ओरडा बसणार. आपल्याकडे मोठी माणसं लहानांना समोर बसवून बोलतात ती बहुतेक वेळा रागवायलाच, त्यामुळे त्याचा तरी काय दोष?

शेजारी बसा आणि हाताला काम ठेवा. मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेच्या गोळ्याचे उंदीर करणं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं. हात गुंतले की नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि जीभ सैल सुटते. चालत शाळेतून येतानाचा रस्ताही चांगला. कितीतरी मुलं सगळ्यात अवघड गोष्ट बोलतात ती घराच्या फाटकाच्या दहा पावलं अलीकडे, कारण आत गेलं की विषय संपवता येतो.

घरात माणसं जास्त असतील तर एकांत मुद्दाम काढावा लागतो. स्वयंपाकघरात काकू, बाहेर टीव्ही, मध्ये मोठा भाऊ "मला माहितीये, मी सांगतो" म्हणत उड्या मारतोय, अशा ठिकाणी मूल बोलणार नाही. आणि बोललं, तरी ते कुणासमोर बोलतंय हे फार महत्त्वाचं. ज्याची भीती वाटते तो माणूस घरातलाच, शेजारच्या खोलीतला असू शकतो. हा विचार कुणालाच आवडत नाही. तरी करायचा.

रात्री झोपताना विषय आपणहून काढू नका, भीती ताजी होते आणि झोप उडते. पण दिवे घालवल्यावर मुलाने स्वतःच काढला, तर "आता झोप, उद्या बोलू" असं म्हणू नका. उद्या ते बोलेलच असं नाही.

पायरी 3: सुरुवात प्रश्नाने नको

आपण जे पाहिलं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. "दोन दिवस तू गॅलरीत खेळायला जात नाहीयेस." "काल मामाकडून आल्यापासून तू माझा हात सोडला नाहीस." त्याला "का?" जोडायचं नाही. "का" मध्ये मुलाला आरोप ऐकू येतो.

मग थांबा. मनात सावकाश वीसपर्यंत आकडे मोजा. आपल्याला ही शांतता असह्य होते, मुलाला ती लागते. त्याला शब्द शोधायचे असतात, धीर गोळा करायचा असतो. काहीच आलं नाही तर "बरं. सांगावंसं वाटलं की सांग, मी आहे" एवढं म्हणून मटार सोलत राहा. एका बैठकीत गाठ सुटलीच पाहिजे असा हट्ट आपला असतो.

पायरी 4: प्रश्न कसे विचारायचे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कल्पून घ्या, पाच वर्षांचा ओम. दोन दिवस शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की आत पळून जातो. आई घाबरली आहे आणि विचारते आहे:

"व्हॅनमध्ये कुणी त्रास देतं का?" ओम मान हलवतो.
"कोण? काका ओरडतात?"
"हो."
"मारतात पण?" ओम गप्प.
"खरं खरं सांग, मारलं ना काकांनी?"
"हो."
"पाठीत?"
"हो."

पाच मिनिटांत बाबांचा व्हॅनवाल्या काकांना फोन आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. आता हे संभाषण परत वाचा. ओमने यात स्वतःचा म्हणून एकच शब्द उच्चारला आहे, "हो". काका, ओरडणं, मारणं, पाठ, हे सगळं आईचं आहे. आता हेच दुसऱ्या तऱ्हेने:

"दोन दिवस झाले, हॉर्न वाजला की तू आत पळतोस."
(बराच वेळ काही नाही. दोन शेंगा सोलून होतात.)
"मला व्हॅन नाही आवडत."
"व्हॅन नाही आवडत."
"मागच्या सीटवर बसायला लागतं."
"अच्छा. मागच्या सीटवर बसलास की काय काय होतं, मला सगळं सांग."
"ते दादा म्हणतात, शूशू बाळ आलं, शूशू बाळ आलं."
"शूशू बाळ म्हणतात. मग?"
"मग सगळे हसतात. त्या दिवशी माझी पँट ओली झाली होती ना. आजीने धुतली. तुला नाही सांगितलं. तू रागावशील."

काकांचा यात संबंधच नव्हता. आणि मुलाच्या मनातली खरी गाठ व्हॅनचीही नव्हती, आई रागावेल याची होती. पहिल्या पद्धतीने ती कधीच हाती लागली नसती. उलट एका माणसावर नाहक आळ आला असता. काका खरंच मारत असते, तरी पहिल्या पद्धतीचा उपयोग नव्हताच, कारण पुढे कुणीही म्हणू शकलं असतं की हे आईने वदवून घेतलं.

दुसऱ्या संभाषणात आईने फारसं काही केलेलं नाही. मुलाचेच शब्द परत म्हटले. एकदा "सगळं सांग" म्हणाली. एकदा "मग?" म्हणाली. जवळजवळ सगळं काम या तीन गोष्टींवर होतं. मुलाने एखाद्या गोष्टीचा उल्लेख केला की तीच धरून पुढे जायचं: "तू म्हणालास सगळे हसतात. त्याबद्दल अजून सांग." त्याने जे अजून म्हटलंच नाही, ते आपल्या तोंडून येता कामा नये.

ही काही नवी शहाणीव नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या मॅनहॅटन बीच इथे 1983 मध्ये एका बालवाडीवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशकांनी सूचक प्रश्न विचारले, हाताच्या बाहुल्यांतून विचारले, "बाकीच्यांनी तर सांगितलं" असं म्हटलं, हवं ते उत्तर आल्यावर शाबासकी दिली. मुलं शाळेखालच्या भुयारांबद्दलही सांगू लागली. खटला 1990 पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. त्या मुलांच्या बाबतीत खरोखर काय घडलं होतं आणि काय नव्हतं, हे वेगळं काढायला जागाच उरली नाही. त्यानंतर मुलांची साक्ष या विषयावर भरपूर संशोधन झालं. मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मुलांशी बोलण्याची एक ठरीव पद्धत तयार केली, ती आज अनेक देशांत वापरतात. तिचा गाभा वर सांगितला तोच: मुलाला मोकळेपणी सांगू द्या, पर्याय सुचवू नका.

आणखी काही बारकावे, कारण तपशिलात गेलं की पाय घसरतो.

तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नका. मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, शाळेत बाई परत विचारतात तेव्हा चुकलेलंच असतं. मग ते उत्तर बदलतं. आपण म्हणतो, "बघ, आधी वेगळं सांगत होता."

"कधी?" आणि "किती वेळा?" हे प्रश्न पाच-सहा वर्षांच्या मुलाला पेलत नाहीत. त्याचं "काल" म्हणजे मागच्या दिवाळीतलंही असू शकतं. त्याऐवजी "त्याच्या आधी तू काय करत होतास?" "मग कोण आलं?" असं विचारा. जेवणाआधी की नंतर, अंधार होता की उजेड, हे त्यातून आपोआप निघतं. किती वेळा ते विचारायचंच झालं, तर "एकदा झालं की अजून पण झालं?" एवढंच.

"माहीत नाही" म्हणायची परवानगी द्या, शब्दांत द्या. "मी तिथे नव्हते, म्हणून मला माहीत नाही. तुला आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण. आणि मी काही चुकीचं बोलले तर 'आई, चुकलं' म्हण." हे शेवटचं वाक्य आपल्या घरांत फार गरजेचं आहे. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे आपण त्याला पहिल्यापासून शिकवलेलं असतं. त्यामुळे आपण चुकीचं बोललो तरी ते मान डोलावतं. एकदा मुद्दाम काहीतरी उलटसुलट बोलून बघा, "म्हणजे मांजर अंगावर आलं, नाही का?" त्याने हसून "कुत्रा!" म्हटलं की समजा, परवानगी पोहोचली.

मूल जो शब्द वापरतं तोच वापरा. शरीराच्या अवयवांना घरात जी नावं असतील ती. इंग्रजी शाळेतलं मूल शाळेतलं भांडण हिंदीत सांगेल, मध्ये इंग्रजी घालेल, घालू द्या. "मराठीत सांग" ही आठवण त्या वेळी नको.

चित्र काढायला दिलं तर "काय काढलंयस, सांग ना" एवढं विचारा. काळा रंग जास्त वापरला, हात काढले नाहीत, यावरून अर्थ लावत बसू नका. कधी कधी फक्त काळा खडूच शिल्लक असतो. आणि बाहुली हातात देऊन "दाखव, कुठे हात लावला" हे तर घरी अजिबात करू नका.

पायरी 5: ऐकताना तोंडातून काय निघतं

मूल पडलं की आपण म्हणतो, "काही नाही झालं, मुंगी मेली बघ!" गुडघा खरचटला असेल तर हे ठीक. मनाला लागलेल्या गोष्टीला तेच म्हटलं तर मुलाला कळतं की हे आईपुढे मांडायचं नसतं. "मुलगे रडतात का?" ही त्याचीच बहीण.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे सगळ्यात घातक वाक्य. प्रेमापोटी निघतं, पण मुलाला ऐकू येतं: चूक तुझी. त्याचप्रमाणे "मी त्याचे हातपाय तोडीन" हेही नको. मुलाला वाटतं, माझ्या बोलण्यामुळे आता बाबांना पोलीस नेतील. ते लगेच शब्द मागे घेतं.

मग बोलायचं काय? थोडंच. "सांगितलंस ते बरं केलंस." "यात तुझी काही चूक नाही." "तुला भीती वाटली असेल" असं म्हणण्यापेक्षा "तेव्हा तुला कसं वाटलं?" विचारलेलं बरं, कारण त्याला भीती नाही, राग आला असेल किंवा किळस वाटली असेल. चेहरा दगडासारखा ठेवायची गरज नाही, डोळ्यांत पाणी आलं तर आलं. फक्त मुलाला तुमची समजूत काढायची वेळ येऊ देऊ नका. सहा वर्षांची मुलगी आईचे डोळे पुसू लागली की तिचं सांगणं तिथेच संपतं.

एक प्रश्न बहुतेक मुलं विचारतात: "कुणाला सांगणार नाहीस ना? आईशपथ?" इथे शपथ घेऊ नका. पुढे मोडावी लागली तर मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. "उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला त्रास होऊ नये म्हणून कुणाला सांगावं लागलं, तर आधी तुला सांगेन, मग त्यांना." हे मुलांना पटतं. त्यांना हिशेब कळतो.

पायरी 6: सांगून झाल्यावर

लगेच दुसऱ्या खोलीत जा आणि लिहून काढा. तारीख, वेळ, तुम्ही काय विचारलंत, मुलाने काय म्हटलं. त्याच्याच शब्दांत, "शूशू बाळ" तर "शूशू बाळ", त्याचं शुद्ध मराठी करू नका. मोबाइल तोंडासमोर धरून "परत एकदा सांग बेटा" असं रेकॉर्डिंग करणं टाळाच. मूल बावरतं आणि ती क्लिप कुठे कुठे फिरेल यावर तुमचा ताबा राहत नाही.

मग येतो तो आपल्याकडचा खास प्रकार: "सांग, सांग, आजीला पण सांग काय झालं." आजीला झालं की आत्याला, मग फोनवर मावशीला. प्रत्येक वेळी मुलाला तोच प्रसंग जगावा लागतो, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याप्रमाणे त्यात कमी-जास्तही होत जातं. घरातल्यांना जे सांगायचं ते तुम्ही सांगा, मूल तिथे नसताना, आणि गरजेपुरतं. आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू द्या. पाच मिनिटं कुणीतरी मायेने अंगावरून मीठ-मोहरी ओवाळतंय, काही विचारत नाहीये, यात मुलाचं नुकसान काही नाही.

विषय शाळेतला असेल तर आधी वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, ग्रुपवर काही टाकू नका. बाईंनी किंवा सरांनी मारलं असेल, सतत अपमान केला असेल, तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. "आमच्या वेळी छडीनेच आम्ही शिकलो" हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर चालतो, कायद्यापुढे नाही.

पायरी 7: लैंगिक अत्याचाराचं निघालं तर

इथे घाईघाईने सगळे तपशील काढून घ्यायची गरज नाही. कोण आणि काय, एवढं मुलाने आपणहून सांगितलं की थांबा. पुढचं विचारणं प्रशिक्षित माणसांचं काम आहे.

2012 चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. असा गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. "आपसात मिटवून टाकू, घराण्याची अब्रू जाईल" म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना हे कलम वाचून दाखवा.

पोलीस ठाण्याच्या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात, म्हणून माहीत असू द्या: मुलाचा जबाब घरी किंवा ते म्हणेल त्या जागी घेतला जातो. शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाची महिला अधिकारी घेते. अधिकारी गणवेशात नसावेत, आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असावी, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती तपासात आणि कोर्टात सोबत राहणारी साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. हे आपणहून मिळालं नाही तर मागून घ्या.

घटना ताजी असेल तर आधी रुग्णालय. जमलं तर आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि तातडीच्या उपचारासाठी रुग्णालय "आधी एफआयआर आणा" असं म्हणू शकत नाही.

फोन नंबर दोन. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन 1098, दिवसरात्र, मोफत. जीवाला लगेच धोका असेल तर 112. मुलाची ओळख कुठल्याही माध्यमात उघड करणं हा गुन्हा आहे आणि फॉरवर्ड केलेला मेसेजही त्यातून सुटत नाही.

पायरी 8: शब्द फिरवले, किंवा काहीच सांगितलं नाही तर

काल सांगितलं, आज म्हणतं, "मी गंमत केली." याचा अर्थ ते खोटं बोललं असाच होत नाही. घरातलं वातावरण बदललेलं मुलाला लगेच कळतं, आई रडते, बाबा जेवत नाहीत, आणि त्याला वाटतं की आपण बोलल्यामुळे हे झालं. कधी कुणीतरी धमकावलेलंही असतं. "बरं, आत्ता तुला असं वाटतंय" म्हणा. वाद घालू नका, शपथा घालू नका, आणि लिहिलेला कागद फाडू नका.

काही मुलं दुसऱ्याच्या नावाने सांगतात. "आमच्या वर्गात एक मुलगा आहे ना, त्याला ना..." त्या मुलाची गोष्ट मन लावून ऐका. "तो तूच ना?" म्हणून पकडू नका. "मग त्या मुलाने काय करावं असं तुला वाटतं?" हा चांगला प्रश्न आहे.

आणि काही मुलं तुम्हाला सांगतच नाहीत, मावशीला सांगतात, शेजारच्या ताईला सांगतात. वाईट वाटतं. वाटू द्या, पण मुलाला ते दाखवू नका. ज्या व्यक्तीला ते सांगतंय, तिला या पायऱ्या समजावून सांगा.

पायरी 9: पुढचे काही आठवडे

रोजची घडी मोडू नका. त्याच वेळेला जेवण, त्याच वेळेला झोप, तेच शुभंकरोति, गृहपाठाचा तोच कंटाळा. मुलाला सगळ्यात जास्त आधार याचाच असतो. लाड करा, पण अचानक सगळे नियम उठवू नका. नियम गेले की मुलाला वाटतं, काहीतरी फारच भयंकर झालेलं दिसतंय.

रोज विचारू नका. आठवड्यातून एकदा, जाता जाता, "व्हॅनचं कसं चाललंय?" पुरे. मात्र तुम्ही काय केलंत ते मुलाला सांगायला विसरू नका, हे बहुतेक घरांत राहून जातं. "मी बाईंशी बोलले. उद्यापासून तू पुढच्या सीटवर बसायचंस. दादा परत काही म्हणाले तर काकांना सांगायचं, काकांना माहीत आहे." सांगितल्यावर काहीतरी बदललं, हे दिसलं तरच पुढच्या वेळी ते सांगायला येतं.

महिनाभराने झोप, भूक आणि खेळ जागेवर आले नाहीत, तेच स्वप्न पडतंय, मूल सतत दचकतंय किंवा स्वतःला मारून घेतंय, तर आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि त्यांच्याकडून बालमानसतज्ज्ञाचं नाव घ्या. स्वतःला इजा करायला लागलं तर महिना थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, आणि 14416 ही टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ती मोठ्यांसाठीही आहे. मूल झोपल्यावर तुम्हालाच रडू आवरत नसेल, तर फोन स्वतःसाठी लावायलाही हरकत नाही.